माळ्यावरची ‘करमणूक’

गेल्या आषाढांतील गोष्ट. पाऊस मी म्हणत होता, वीज गेलेली होती, आणि मी ओटीवर बसून टपालानें आलेलें एक पुडकें सोडीत होतों. आंत एका जुन्या साप्ताहिकाचीं चार पानें होतीं. कडा झिजलेल्या, घडीवर भोंकें पडलेलीं, रंग चहा गाळण्याच्या फडक्यासारखा. तीं मिळविण्यासाठीं निवृत्तिवेतनांतून किती रक्कम धाडली, हें मीं घरांत कोणास सांगितलें नव्हतें. परंतु आमची नात मोठी चौकस. तिनें पुडक्यावरचा आंकडा वाचला आणि विचारलें, “आजोबा, रद्दीवाला आपल्याला पैसे देतो. तुम्ही रद्दीला पैसे देतां, तें कां?”

घरांतील मोठीं माणसें हंसलीं. मलाहि हंसूं आलें. पण उत्तर लगेच सुचलें नाहीं. पस्तीस वर्षें ज्यानें मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं त्या शिक्षकाला हें थोडेंसें लाजिरवाणेंच होतें. तें उत्तर आज येथें देत आहें. मात्र तें पुरतेपणीं द्यावयाचें तर मला माझा एक जुना अपराधहि सांगावा लागणार आहे. तो वाचकांनीं ऐकून घ्यावा.

तीं चार पानें ‘करमणूक’ पत्राचीं होतीं. हरि नारायण आपटे यांनीं हें साप्ताहिक १८९० च्या आक्टोबरांत पुण्यास सुरू केलें आणि पाव शतकाहून अधिक काळ चालविलें. हरिभाऊंचा जन्म १८६४ सालचा, खानदेशांतील पारोळ्याचा. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीं वारले, तेव्हां अठरा वर्षांच्या ह्या विद्यार्थ्यानें ‘शिष्यजनविलाप’ नांवाचें शोककाव्य लिहिलें. आगरकरांनीं ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ हें भाषांतर केलें, तेव्हां गुरूच्याच ग्रंथाचें विस्तृत परीक्षण लिहिण्यासहि तो कचरला नाहीं. पदवी मात्र त्यांच्या हातीं कधींच लागली नाहीं. वयाच्या एकविसाव्या वर्षीं, १८८५ सालीं, त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ ही ‘पुणेंवैभव’ पत्रांतून क्रमशः येऊं लागली. तिची मूळ प्रेरणा रेनॉल्ड्स ह्या इंग्रज कादंबरीकाराची. आणि हा रेनॉल्ड्स तरी कोण? लंडनच्या सामान्य लोकांना पेनी-पेनीच्या साप्ताहिक अंकांतून कादंबऱ्या पुरविणारा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यांत लंडनला उठलेली ही अंकांची लाट पुण्यास पोंचली आणि तेथून घाट उतरून आमच्या कोंकणांत आली.

‘करमणूक’ हें नांव हलकें असलें तरी हेतु हलका नव्हता. घरांतील सर्व माणसांनीं, विशेषेंकरून स्त्रियांनीं, निःसंकोचपणें वाचावें आणि वाचतां वाचतां कांहीं शिकावें, असें तें पत्र होतें. त्यांत गोष्टी असत, चरित्रें असत, शास्त्रीय माहिती असे; आणि पुष्कळसा मजकूर संपादक स्वतःच लिहीत. त्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ह्याच पत्रांतून प्रसिद्ध होऊं लागली. यमू नांवाची मुलगी आपलें माहेर, सासर, संसार आणि शेवटीं वैधव्य स्वतःच्या तोंडानें सांगते, ही तेव्हां मराठींत अगदीं नवी गोष्ट होती. त्याच सुमारास, १८९१ सालीं, संमतिवयाचा कायदा झाला. ज्या प्रश्नावर पुरुषांच्या सभांतून रणें माजलीं होतीं, तोच प्रश्न यमू दर आठवड्यास माजघरांत येऊन हलक्या आवाजांत विचारीत होती.

आमच्या जिल्ह्याला तर ‘करमणूक’ मुळींच परकी नाहीं. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांच्या कविता ह्या पत्रांतून येत. ते १९०५ सालीं वारले. पुढें त्यांच्या ठिकठिकाणीं विखुरलेल्या कविता एकत्र करून १९१७ सालीं पुस्तकरूपानें कोणीं बाहेर काढल्या? हरिभाऊंनींच. तेव्हां जुने अंक धुंडाळणारांच्या पंथाचे तेहि एक पूर्वसूरीच म्हणावयाचे.

हें सर्व मीं नातीला सांगितलें. ती म्हणाली, “पण ती कादंबरी दुकानांत मिळते ना? मग हीं फाटकीं पानें कशाला?”

प्रश्न रास्त होता. पुस्तक हें शिजवून वाढलेलें पान आहे. अंक म्हणजे चुलीवर चढलेलें अन्न. लेखकानें एका आठवड्याचा मजकूर कोठें तोडला, वाचणारांना कोणत्या संकटांत ठेवून तो सात दिवस गप्प बसला, त्या प्रकरणाच्या शेजारीं कोणती जाहिरात होती, कोणती बातमी होती, हें पुस्तकांत उरत नाहीं. पुस्तक बांधतांना शब्द फिरतात, चुका सुधारतात, कधीं मजकूर गळतो. लेखकाचा हात प्रथम कसा चालला हें पाहावयाचें तर अंकाकडेच जावें लागतें.

इंग्रजांनीं ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली. डिकन्सची पहिली गोष्ट १८३३ च्या डिसेंबरांत ‘मंथली मॅगझीन’मध्यें लेखकाच्या नांवावांचून छापली गेली. शेरलॉक होम्स प्रथम अवतरला तो १८८७ सालीं ‘बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल’ नांवाच्या एक शिलिंग किंमतीच्या वार्षिकांत. त्या वार्षिकाच्या आज साऱ्या जगांत मोजक्याच प्रती उरल्या आहेत आणि लिलावांत एका प्रतीला लाखांनीं रुपये पडतात. हजारोंनीं छापलेली वस्तु दुर्मिळ कां व्हावी? कारण पुस्तक आपण ठेवण्यासाठीं घेतों, अंक वाचण्यासाठीं घेतों. वाचून झाला कीं त्याचें पुडकें होतें, फळीवरचा कागद होतो, नाहीं तर राख होते.

शिवाय ह्या अंकांचा कागदहि अल्पायुषी. आमच्या घरीं हातकागदावर लिहिलेल्या पोथ्या आहेत. कांहींचें वय दोनशें वर्षांहून अधिक असेल. तरी त्यांचें पान उलटतांना अजून खणखणीत लागतें. उलट सव्वाशें वर्षांचें साप्ताहिक हातांत घ्यावें तों पापडासारखें मोडतें. पोथीचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लांकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यांत लांकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य राहून जातें आणि उजेडानें व हवेनें तें पिंवळें पडतें. शाई फुटूं नये म्हणून कागदांत राळ व तुरटी घालीत. त्यांतून आम्ल निर्माण होऊन कागदाचे तंतु आंतल्या आंत तुटत जातात. त्यांत आमचा चार महिन्यांचा पाऊस, कसर आणि वाळवी! ज्या स्वस्ताईनें अंक घरोघर पोंचविला, तिनेंच त्याचा घात केला.

आतां माझा अपराध. आमच्या आजोबांची थोरली बहीण आमच्याच घरीं असे. तिला सर्वजण आत्या म्हणत. आम्ही मुलें आत्येआजी म्हणत असूं. ती बालविधवा. अकराव्या वर्षीं कपाळ पुसलें आणि ती माहेरीं परत आली, ती कायमचीच. तो काळ १८९६ च्या सुमाराचा. त्याच वर्षीं आमच्याच जिल्ह्यांतील मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. पण रत्नागिरीच्या एका सोवळ्या घरांतील मुलीला पुण्यास धाडण्याचें धैर्य त्या वेळीं कोणास झालें नाहीं. ती सोंवळ्यांतला स्वयंपाक करी, मुलें सांभाळी, बाळंतपणें काढी. १९७५ सालीं नव्वदीच्या घरांत ती गेली. त्याच वर्षीं मी मॅट्रिक झालों.

संस्कृत शिकावयाचें मीं ठरविलें होतें आणि त्याचा मला गर्वहि होता. पावसाळ्यापूर्वीं माळा साफ करण्याचें काम मजकडे आलें. एका कोपऱ्यांत आजोबांचे संस्कृत ग्रंथ होते. ते मीं फडक्यानें पुसून खालीं आणले. दुसऱ्या कोपऱ्यांत जाड दोऱ्यानें शिवलेले जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे होते. वरच्या गठ्ठ्यावर ‘करमणूक’ असें मोठें नांव दिसलें. करमणूकच ना, असें मनांत म्हणून मीं ते सर्व गठ्ठे न्हाणीघरापाशीं नेऊन टाकले. त्या पावसाळ्यांत सरपण ओलें असे आणि बंब पेटत नसे. ‘करमणुकी’चीं पानें चांगलीं पेटत.

कांहीं वर्षांनीं, पाठशाळेंतील अध्ययन संपत आलें असतां, आजोबांच्या त्या ग्रंथांपैकीं एक मीं अभ्यासासाठीं उघडला. तो पुण्याच्या आनंदाश्रमाचा होता. मुखपृष्ठावर नेहमींप्रमाणें संस्कृतांत लिहिलेलें, कीं ग्रंथ ‘आयसाक्षरां’नीं, म्हणजे छापखान्याच्या खिळ्यांनीं, मुद्रित करून प्रसिद्ध केला; आणि प्रसिद्ध करणाराचें नांव हरि नारायण आपटे. मी चमकलों. कादंबरीकार तो हाच काय? चौकशी केली. होय, हाच. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं आनंदाश्रम स्थापिला आणि चुलत्यांच्या मागें त्याचा कारभार हरिभाऊंनीं पाहिला. जे ग्रंथ मीं देवासारखे पुसून ठेविले ते, आणि जे गठ्ठे मीं बंबांत घातले ते, एकाच माणसाच्या हातून निघालेले होते. एक हात पंडितांसाठीं राबला, दुसरा आत्येआजीसारख्यांसाठीं. मीं एकच ओळखला.

मीं आईला विचारलें, “ते गठ्ठे कुणाचे होते?” आई तांदूळ निवडीत होती. मान वर न करतां ती म्हणाली, “आत्यांचे. त्यांच्या वडिलांनीं मागविलेले अंक त्यांनीं शिवून ठेवले होते. त्यावरच त्या वाचायला शिकल्या. मी लग्न होऊन आलें तेव्हां दुपारच्या वेळीं मला वाचून दाखवीत. पानें मात्र हातांत देत नसत, फाटतील म्हणून.” मीं विचारलें, “मग तूं मला थांबविलें कां नाहींस?” ती म्हणाली, “मी माहेरीं होतें. आलें तेव्हां अर्ध्याहून अधिक जळले होते. आणि तुला तरी कुणाला विचारावेंसें वाटलें?”

ह्यावर आजहि माझ्यापाशीं उत्तर नाहीं.

सेवानिवृत्त झाल्यावर मीं शोध आरंभिला. आमच्या रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें. महाराष्ट्रांतील अतिशय जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. तेथें बसून आधीं हरिभाऊ वाचले. मग पुणें, ठाणें आणि मुंबई येथील जुनीं ग्रंथालयें पाहिलीं. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची जी प्रचंड सूचि केली, तिचा उपयोग पुस्तकांच्या शोधाला झाला. परंतु सुटा अंक सूचींत सांपडत नाहीं. तो माणसाला विचारूनच सांपडतो. रद्दीच्या दुकानांत, जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर, मोडावयास काढलेल्या वाड्यांत मी विचारीत गेलों. एके ठिकाणीं कळलें कीं, साप्ताहिकें जागेअभावीं तागडीनें विकून टाकलीं. दुसऱ्या ठिकाणीं वर्षाचे अंक बांधून ठेवलेले होते, पण बांधणारानें वेष्टनें आणि जाहिराती निरुपयोगी समजून कापून टाकल्या होत्या. सहा वर्षांत माझ्या हातीं सुटे अंक आले ते अवघे सात. त्यांतले पुरते म्हणावे असे तीन. आज कित्येक जुन्या नियतकालिकांचीं पानें संगणकावर पाहावयास मिळतात, हा मोठाच लाभ आहे. परंतु कोणा घरीं मूळ अंक जपला गेला असेल, तरच त्याचें छायाचित्र निघणार.

हें सगळें ऐकून नात कांहीं वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आत्येआजींचें घरांत कांहींच उरलें नाहीं का?”

मीं म्हटलें, “त्यांची पेटी आहे. आपण तिच्यांत गणपतीच्या आराशीचें सामान ठेवतों ना, तीच.”

तिनें पेटी उघडायला लावली. लांकडी पेटी, झांकण आंतून धुरानें काळवंडलेलें. नातीनें मोबाइलचा उजेड झांकणावर धरला आणि विचारलें, “आजोबा, इथें कांहीं लिहिलें आहे?” झांकणाच्या आंतल्या बाजूस छापील कागदाचें एक पान खळीनें डकविलेलें होतें. मऊ कापसानें धूळ टिपली, तेव्हां अक्षरें दिसूं लागलीं. यमूचें नांव दिसलें. ‘पण लक्षांत कोण घेतो?’चेंच तें पान होतें. छापील पुस्तकाशीं ताडून मीं दुसऱ्या दिवशीं खात्री करून घेतली. परंतु नातीचें लक्ष छापलेल्या मजकुराकडे नव्हतेंच. पानाच्या चारी बाजूंच्या कोऱ्या कडांवर शाईनें बारीक बालबोध अक्षरांत कांहीं टिपलेलें होतें. वळण पाटीवर गिरवून आलेलें नव्हे, छापील अक्षर पाहून शिकलेल्या हाताचें. आम्हीं दोघांनीं मिळून तें लावलें. ‘पलीकडच्या वहिनी, एक अंक, आला.’ ‘विहिरीवरच्या काकू, एक अंक, आला.’ अशीं नऊ घरें होतीं. आणि अगदीं शेवटीं, ‘देवळाजवळच्या माई, दोन अंक, येणें.’

ही आत्येआजीची खतावणी होती! जिला कोणीं शाळेंत घातलें नाहीं, जिच्या नांवावर घरांतील एक भांडेंहि नव्हतें, ती बाई ह्या आळींत बायकांचें वाचनालय चालवीत होती. त्याला पाटी नव्हती, वर्गणी नव्हती, आणि घरांतील एकाहि पुरुषाला त्याचा पत्ता नव्हता. तिनें हिशेब अशा जागीं लावून ठेविला होता कीं पेटी उघडली कीं तो नजरेसमोर यावा. मी ती पेटी पन्नास भाद्रपदांत उघडीत आलों आहें. पण माझी नजर आराशीच्या सामानावर होती.

दुर्मिळ अंकाची किंमत मी इतके दिवस लेखकाच्या नांवावर करीत होतों. हरिभाऊंचें नांव मोठें, म्हणून त्यांचे अंक मोलाचे. हें खोटें नाहीं. परंतु डिकन्सचा किंवा होम्सचा कोरा करकरीत अंक जेथें सर्वांत महाग विकला जातो, तेथें मीं आतां वेगळा हिशेब धरिला आहे. नऊ घरीं फिरून आलेला, हळदीचे डाग पडलेला अंक मला अधिक मोलाचा वाटतो. हरिभाऊंनीं काय लिहिलें हें पुस्तक सांगतें. तें कोणापर्यंत पोंचलें हें असे अंकच सांगतात. मीं बंबांत घातलीं तीं नुसतीं छापील पानें नव्हतीं. त्यांच्या कडांवर आणखी किती नांवें होतीं, हें आतां कधींच कळणार नाहीं.

तें पान आम्हीं झांकणावरून सोडविलें नाहीं. सोडवितांना तें तुकडे होऊन हातांत आलें असतें. त्याचें छायाचित्र काढून ठेविलें, आराशीचें सामान दुसरीकडे हलविलें आणि पेटींत वेखंडाच्या पुरचुंड्या ठेविल्या. ज्यांच्या घरीं असे जुने अंक असतील त्यांना अनुभवानें चार गोष्टी सांगतों. फाटलेलें पान चिकटपट्टीनें जोडूं नका. तिचा डिंक कागद खातो. पान उन्हांत वाळवूं नका, प्लास्टिकांत कोंडूं नका, घडी घालूं नका. स्वच्छ सुती कापडांत आडवें ठेवा, भिंतीपासून दूर, कोरड्या जागीं. आणि आधीं छायाचित्र काढा. ‘करमणूक’च नव्हे, चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चे १८७४ पासूनचे अंक, ‘विविधज्ञानविस्तार’, ‘काव्यरत्नावली’, १८९५ पासूनचें ‘मनोरंजन’ आणि त्याचा १९०९ चा पहिला दिवाळी अंक, यांपैकीं कांहींहि माळ्यावर असूं शकेल. वांटण्या होतात, घरें विकलीं जातात, वाड्यांच्या जागीं इमारती उठतात. त्या धांदलींत रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं गठ्ठ्याचा दोरा एकदां सोडून पाहावा, आणि घरांतील सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारावें, हा गठ्ठा कुणाचा?

राहतां राहिली नातीची शेवटची शंका. यादी वाचून झाल्यावर ती म्हणाली, “आजोबा, त्या देवळाजवळच्या माईंनीं दोन अंक परत दिले का?”

मीं म्हटलें, “येणें असें लिहिलें आहे, म्हणजे दिले नाहींत.”

“मग ते बंबांत गेले नसतील!”

पुस्तक परहस्तीं गेलें कीं गेलेंच, असें आमचे सुभाषितकार सांगून गेले आहेत आणि मींहि तें पस्तीस वर्षें वर्गांत शिकविलें. परंतु आमच्या घरचे जे अंक घरांत राहिले ते मीं जाळले. जे परहस्तीं गेले, ते दोन कदाचित् अजून असतील. त्या माई कोण, त्यांचें बिऱ्हाड पुढें कोठें गेलें, हें सांगणारें आमच्या आळींत आतां कोणी उरलेलें नाहीं. त्यांचीं नातवंडें-पणतवंडें पुण्यास असतील, मुंबईस असतील, कदाचित् परदेशांतहि असतील. त्यांच्या घरच्या एखाद्या पेटीच्या तळाशीं ‘करमणुकी’चे दोन अंक निघाले, आणि त्यांच्या कडेवर बारीक बालबोध अक्षर दिसलें, तर त्यांनीं ते परत पाठवूं नयेत. खुशाल ठेवून घ्यावेत. फक्त पोंचल्याचें एक कार्ड ह्या मासिकाच्या पत्त्यावर टाकावें. आत्येआजीच्या खतावणींत शेवटच्या ओळीपुढें ‘आला’ एवढें लिहावयाचें राहिलें आहे, तें आमची नात लिहील.